नाणं टंकसाळीत चुकलं की बाहेर बिघडलं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीची सगळी वर्षं इंदूरमध्ये बँकेच्या कॅश काउंटरवर गेली. नोटा मोजून मोजून बोटं गुळगुळीत झाली, पण जीव अडकला तो नाण्यांत. आता निवृत्त आहे. मल्हारगंजातल्या आमच्या ओसरीवर रविवारी सकाळी कोणी ना कोणी मुठीत नाणं धरून येतंच: "काका, बघा ना, एरर आहे का?" बहुतेक वेळा नसतं. का नसतं ते प्रत्येकाला पहिल्यापासून सांगता सांगता पोहे गार होतात. म्हणून नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं एकदाची लिहून ठेवली.

एरर म्हणजे नक्की काय? वाकडंतिकडं नाणं म्हणजे एररच ना?

नाही. नाणं ठशाखालून बाहेर पडेपर्यंत जे चुकलं ते एरर. त्यानंतर खिशात, गल्ल्यात, रस्त्यावर, सोनाराच्या ऐरणीवर किंवा पोराच्या हातात जे झालं ते नुकसान.

आता ठशाखाली काय होतं ते माहीत हवं, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. धातूची लांब पट्टी असते. तिच्यातून गोल चकत्या कापतात. चकत्या भट्टीत तापवून मऊ करतात. मग एका यंत्रात फिरवून त्यांची कड थोडी उचलतात. शेवटी चकती एका पोलादी कड्यात, म्हणजे कॉलरमध्ये बसते आणि वरचा-खालचा ठसा एकाच फटक्यात दोन्ही बाजू छापतो. धातू बाहेर पसरायला बघतो, कॉलर त्याला अडवते, म्हणून नाणं गोल राहतं.

नाणं हातात आलं की मी एवढंच विचारतो: यातल्या कुठल्या पायरीवर हे असं होऊ शकेल? पायरी सापडली तर पुढे बघायचं. नाही सापडली तर चहा प्यायचा.

पहिल्यांदा काय बघायचं? भिंग घ्यायचं का?

भिंग नंतर. आधी वजन. दशांश दोन आकड्यांपर्यंत दाखवणारा छोटा काटा आता कुठेही मिळतो, नाहीतर ओळखीच्या सराफाकडे दोन मिनिटांत वजन होतं. २०११ पासूनच्या मालिकेतला एक रुपया २२ मिलिमीटर आणि ३.७९ ग्रॅम, दोन रुपये २५ मिलिमीटर आणि ४.८५ ग्रॅम, पाच रुपये २३ मिलिमीटर आणि ६ ग्रॅम, दहा रुपये २७ मिलिमीटर आणि ७.७१ ग्रॅम. २०१९ ला नवी मालिका आली, तिची मापं वेगळी आहेत. तिच्यातला एक रुपया अवघा २० मिलिमीटरचा. दोन मालिकांची नाणी शेजारी ठेवून "हे लहान कसं?" म्हणून आलेले लोक मी मोजायचं सोडून दिलं आहे.

गंमत म्हणजे १९९२ पासूनचा जुना स्टीलचा रुपयाही २५ मिलिमीटर आणि ४.८५ ग्रॅमचाच होता. म्हणजे जुना रुपया आणि नंतरचे दोन रुपये, माप अगदी तेच. आमच्या काउंटरवर यावरून रोज एक भांडण ठरलेलं.

वजनाचा उपयोग असा की घासलेलं, कोरलेलं, आम्लात बुडवलेलं नाणं हलकं भरतं आणि मुलामा दिलेलं किंचित जड. आणि ज्याची छापच अर्धवट आहे पण वजन बरोबर आहे, त्याच्याकडे जरा आदरानं बघायचं.

चुंबक लावून खरं-खोटं कळतं का?

धातू कळतो, खरं-खोटं नाही. एक आणि दोन रुपयांची हल्लीची स्टीलची नाणी लोखंड आणि क्रोमियमची, चुंबकाला चिकटतात. त्याआधीची तांबं-निकेलची चिकटत नाहीत. पण मध्येच एक फसगत आहे. १९४७ चा सहाव्या जॉर्जचा रुपया शुद्ध निकेलचा आहे आणि निकेल चुंबकाला चिकटतं. आजोबांच्या पेटीत निघालेला हा रुपया "चिकटला म्हणजे नकली" म्हणून एका गृहस्थांनी नातवाला खेळायला दिला होता. नातवानं तो फरशीवर घासून घासून पार चकचकीत केला. आता तो खरोखरच खराब नाणं आहे.

नाण्यावर रेघ आहे. तडा गेलेल्या ठशाची असेल का?

नखानं बघा. रेघ वर उठलेली आहे की आत गेलेली?

ठशाला तडा गेला की धातू त्या फटीत शिरतो, म्हणून नाण्यावर रेघ उठून येते. ठशाच्या कडेचा तुकडाच निघाला तर नाण्याच्या कडेशी धातूचा एक बेढब गोळा दिसतो आणि त्याच्या बरोबर मागच्या बाजूची छाप फिकी पडलेली असते, कारण तिथला धातू पलीकडे निघून गेलेला असतो. खिळ्यानं, किल्लीनं, दगडानं पडलेली रेघ खोल असते आणि तिच्या काठाला खरवडलेला धातू साचलेला दिसतो.

अपवाद आहेच. ठसा आणि चकतीच्या मध्ये दोरा, चिंधी, तारेचा तुकडा आला तर त्याची खोल खूण उमटते आणि तो खरा एरर असतो. पण त्या खड्ड्याचा तळ गुळगुळीत असतो, काठाला खरवड नसते. कापड आलं असेल तर भिंगातून विणसुद्धा दिसते.

माझ्या नाण्याचा एका बाजूनं चंद्रकोरीसारखा तुकडाच नाही. उंदरानं कुरतडल्यासारखं.

हा प्रकार मला सगळ्यात आवडतो, कारण यात नाणं स्वतःच साक्ष देतं.

पट्टीतून चकत्या कापताना पट्टी नीट पुढे सरकली नाही तर नवी चकती आधीच्या भोकावर चढते. मग तिला आधीच्या भोकाच्या गोलाईचा चावा बसतो. म्हणून चाव्याची गोलाई साधारण नाण्याच्याच गोलाईची हवी. तसलंच दुसरं नाणं चाव्यात ठेवून बघा, बसतं का. पट्टीच्या टोकाशी चकती कापली गेली असेल तर चावा सरळ रेषेतही असतो.

आता नाणं फिरवा आणि चाव्याच्या बरोबर समोरची कड बघा. कड उचलणाऱ्या यंत्रात चकती दोन बाजूंनी दाबली जाते. चाव्याची जागा आली की एका बाजूला दाबायला काही नसतंच, त्यामुळे समोरची कडही नीट उचलली जात नाही. छापून आल्यावर तिथली कड बारीक, पुसट, कधी जवळजवळ गायब दिसते. प्रत्येक नाण्यात हे सारखं स्पष्ट नसतं, पण दिसलं तर मी पुढचं फारसं विचारत नाही.

आणखी एक खूण. चाव्याजवळची अक्षरं थोडी ओघळल्यासारखी, चाव्याकडे ओढलेली दिसतात, कारण तिथे कॉलरचा आधार नव्हता आणि धातू मोकळ्या जागेकडे वाहिला. कानशीनं घासलेल्या नाण्यात अक्षर सुरीनं कापल्यासारखं मध्येच तुटतं, कापलेल्या भागावर समांतर ओरखडे दिसतात आणि समोरची कड शाबूत, टणटणीत असते. ज्यानं कानस चालवली त्याला समोरच्या कडेचं काही माहीत नसतं.

दहाच्या नाण्याचा मधला भाग फिरलेला आहे. सिंह आडवे झालेत. याचे हजारो मिळतात म्हणे?

यावर मी स्वतः पैसे घालवले आहेत, म्हणून सविस्तर सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका फेरीवाल्याकडे दहाचं नाणं दिसलं. कड्यावरचा ‘भारत’ सरळ धरला की मधला सिंहस्तंभ उजवीकडे झुकलेला, शिपाई पेंगावा तसा. मला इतका आनंद झाला की घासाघीससुद्धा धड केली नाही. चौघांचं जेवण होईल एवढे पैसे मोजून घरी आलो. रात्री दिव्याखाली भिंग लावलं तेव्हा पांढऱ्या चकतीच्या काठाकाठानं बारीक चकाकणारे ठोके दिसले. चकती आणि कड्याच्या मधल्या सांध्यात एका बाजूला केसभर फटही होती. आमचे मामा सराफीत होते. त्यांनी भिंगसुद्धा न लावता हसून नाणं परत दिलं.

कारण साधं आहे आणि मला ते आधी सुचायला हवं होतं. दहाचं नाणं छापलं जातं तेव्हा पिवळं कडं आणि पांढरी चकती दोन्ही कोरी असतात. कड्यात चकती ठेवतात, फटका बसतो, त्या एकाच फटक्यात दोघांवर छाप उमटते आणि चकती कड्यात घट्ट होते. छाप पडण्याआधी चकतीवर सिंह नसतोच, मग तो फिरणार कसा? कोरी चकती कितीही फिरवून ठेवा, छाप कड्याशी जुळूनच येणार. म्हणजे एकाच बाजूवर कडं आणि मधला भाग एकमेकांशी जुळत नसतील तर कोणीतरी चकती काढून परत ठोकून बसवली आहे. चकती उलटी बसवलेलं नाणंही याच घरचं.

खरा एरर कोणता असतो? चकती कड्याच्या मध्यभागी नसून एका बाजूला सरकलेली, आणि तरीही वरची छाप सांध्यावरून न तुटता सलग गेलेली. तसं मिळालं तर जपून ठेवा.

आणि मधला भाग नाहीच, नुसतं कडं असेल तर?

कड्याची आतली भिंत बघा. छापताना चकती नव्हतीच, तर धातूला आत सरकायला मोकळीक मिळते. भिंत आत फुगलेली, काठ गोलसर. चकती नंतर पाडली असेल तर भिंत उभी, जिथे चकती बसली होती तिथला खोबणीचा माग, आणि बरेचदा हातोडीचा एखादा चुकलेला फटका. नुसतं कडं म्हणून मिळणाऱ्या नाण्यांत दुसरा प्रकारच जास्त.

एका बाजूला सगळं उलटं आणि खोल उमटलं आहे, आरशात बघावं तसं. हे काय?

बाजारात याला ‘लाखी’ म्हणतात आणि खरी असेल तर हौशी माणूस तिच्यासाठी रात्रीचा प्रवास करून येतो. आधी छापलेलं नाणं बाहेर न पडता एका ठशाला चिकटून राहतं. पुढची कोरी चकती येते. तिच्या एका बाजूला ठसा लागतो, दुसऱ्या बाजूला ते चिकटलेलं नाणं. म्हणून एका बाजूला नेहमीची छाप आणि दुसऱ्या बाजूला तीच छाप उलटी, आत गेलेली.

नक्कल करणं सोपं आहे, म्हणून नकलाही पुष्कळ. दोन नाणी एकावर एक ठेवून शिकंज्यात दाबली की एकाची छाप दुसऱ्यावर उलटी उमटते. पण तिथे आधीची छाप होतीच ना! ती कुठे जाणार? भिंगाखाली उलट्या अक्षरांच्या मधूनच मूळ अक्षरांची चेपलेली हाडं दिसतात. खऱ्या लाखीत त्या बाजूला मूळ छाप कधी पडलेलीच नसते, उलट्या छापेशिवाय बाकी जमीन, म्हणजे छापेभोवतीचा सपाट भाग, स्वच्छ. शिवाय शिकंज्यातल्या नाण्याची मागची बाजूही चपटी होते, कारण दाब तिकडूनही लागलेला असतो.

सालाचा एक आकडा गायब आहे.

दोन शक्यता. ठशाच्या खाचेत वंगण आणि धातूची भुकटी साचली तर तिथे धातू शिरत नाही आणि आकडा अर्धवट किंवा नाहीसा होतो. हा खरा एरर, पण अगदी नेहमीचा, किंमत फार नाही. दुसरी शक्यता म्हणजे आकडा खरवडलेला. नाणं दिव्याखाली तिरपं धरून हळूहळू फिरवा. खरवडलेल्या जागी चमक वेगळी पडते, आसपासच्या जमिनीपेक्षा तिथे किंचित खळगा लागतो. वंगणानं भरलेल्या ठशात जमीन सलग, तीच चमक, फक्त आकडा नाही.

नुसती झीज असेल तर ती एकट्या आकड्यावर येत नाही. सगळे उंचवटे आधी जातात.

अक्षरं दोन-दोन दिसतात!

बहुधा फटक्यानंतर ठसा सैल असल्यामुळे किंचित सरकला आणि अक्षराच्या बाजूला चपटी पायरी उमटली. हे सर्रास होतं, त्यामागे धावू नका. ठसा तयार करतानाच दुहेरी झाला असेल तर दोन्ही अक्षरं गोलसर आणि उठावदार असतात, शेवट फुटलेले दिसतात आणि त्या ठशातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर तेच, त्याच जागी. दोनदा फटका बसलेलं नाणं मात्र लांबूनच कळतं. एक छाप दुसरीवर चढलेली असते.

रंग वेगळा आहे: तांबडा, सोनेरी, निळसर.

रंगावर विश्वास ठेवू नका. गॅसवर धरलेलं स्टीलचं नाणं आधी सोनेरी, मग निळसर होतं. पितळी पाच रुपये आम्लात राहिले की जस्त आधी सुटतं आणि वर तांबूस थर येतो. देव्हाऱ्यातल्या ताम्हणात वर्षानुवर्षं हळद-कुंकू आणि पंचामृत खाल्लेल्या नाण्याचा रंग तर विचारूच नका. आणि सोन्याचा मुलामा द्यायचा म्हटलं तर आपल्या सराफ्याच्या मागच्या गल्लीत कारागीर कमी नाहीत. लग्नाच्या आहेराला, लक्ष्मीपूजनाला मुलामा दिलेली नाणी घरोघर असतात आणि वीस वर्षांनी तीच "दुर्मीळ सोनेरी नाणं" होऊन माझ्या ओसरीवर येतात.

एका नाण्याची छाप दुसऱ्याच्या धातूवर पडते, हा एरर खराच असतो आणि मोठा असतो. पण तो वजन, माप आणि चुंबक या तिन्हींवर टिकला पाहिजे.

हे एवढं मोठं आणि पातळ रुपयाचं नाणं बघा.

रुळावर ठेवलं होतं का कोणी? लहानपणी आम्हीही ठेवायचो, आजोबा ओरडायचे. रुळावर चेपलेल्या नाण्यात छापही ताणली जाते, सिंह लांबट होतात, कड पातळ होत जाते. कॉलरशिवाय छापलेलं नाणंही पसरट असतं, पण त्यात मधली छाप नेहमीच्याच मापाची, भोवती रुंद कोरी किनार आणि वजन पूर्ण.

नर्मदेत सापडलेली नाणी एरर असू शकतात का?

असू शकतात, पण कळणार कशी! मोरटक्क्याच्या पुलावरून जाताना आपल्यातले कितीतरी जण हात जोडून नाणं टाकतात. ओंकारेश्वरला पोरं दोरीला चुंबक बांधून ती काढतात, म्हणून हाती लागतात ती स्टीलचीच जास्त. वाळूनं घासून त्यांची छाप सगळीकडून सारखीच मऊ झालेली असते, कड गोलसर होते, वजन उतरलेलं. ‘पुसट छापेचा एरर’ म्हणून अशी नाणी विकायला येतात. खऱ्या कमी दाबाच्या छापेत जमीन ताजी असते, उंच भागच तेवढा भरलेला नसतो. नर्मदेच्या नाण्यात जमिनीवरही बारीक टोचे असतात.

सालाखाली काहीच खूण नाही. किंवा भलतीच खूण आहे.

एररच नाही. मुंबईच्या टंकसाळीची खूण पत्त्यातली चौकट, हैदराबादची तारा, नोएडाची ठिपका. कोलकात्याची खूणच नसते. १९८५ च्या काही एक रुपयांवर सालाखाली इंग्रजी ‘एच’ दिसतो, ती नाणी इंग्लंडात बर्मिंगहॅमला छापलेली. नाणेटंचाईच्या काळात सरकारनं बाहेरूनही नाणी करून घेतली, १९९० च्या दशकाच्या अखेरीस मेक्सिकोपासून स्लोव्हाकियापर्यंत, आणि त्या त्या टंकसाळीच्या खुणा नाण्यांवर आहेत. संग्रहाला छान, पण चूक नाही.

याच हिशेबात दहाच्या नाण्यांचा वाद. कोणावर रुपयाचं चिन्ह आहे, कोणावर नाही, म्हणून दुकानदार परत करत. चिन्ह २०१० साली ठरलं, नाण्यांवर २०११ पासून आलं, आधीच्यांवर असणार कसं? जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनं सांगितलं की दहाची चौदा प्रकारची नाणी आहेत आणि सगळी चालतात.

मागची बाजू वाकडी येते.

पुस्तकाचं पान उलटावं तसं नाणं उलटा. नेहमी मागची बाजूही सरळ दिसते. तिरकी किंवा डोक्यावर उभी दिसली तर ठसा फिरला होता. त्याच प्रकारची दोन-तीन नाणी सोबत उलटून खात्री करा. थोडंसं फिरणं सामान्य, अर्धं वर्तुळ फिरलेलं चांगलं. आणि हा असा प्रकार आहे की हातोडी-कानशीनं तो करता येत नाही, म्हणून नवशिक्यानं इथूनच सुरुवात करावी.

दोन्ही बाजूंना छापाच असलेलं नाणं?

जत्रेतल्या जादूगाराचं. एक नाणं आतून कोरून त्यात दुसऱ्याचा पातळ अर्धा बसवतात. कडेच्या आतल्या अंगाला बारीक सांधा भिंगातून दिसतो. फरशीवर टाका. चांगलं नाणं खणखणतं, हे टप्प करून पडतं.

आजीच्या गाठोड्यात होळकरांचा रुपया निघाला. छाप अर्धीच आहे, अक्षरं बाहेर गेलेली. एरर?

नाही, आणि इंदूरच्या माणसानं तरी हे विचारू नये! ती नाणी हातानं पाडलेली. ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा, कारागीर हातोडा मारायचा, जेवढं मावलं तेवढं उमटलं. बहुतेक नाण्यांवर पूर्ण मजकूर नसतो. तिथे यंत्राच्या चुकीचे नियम लावण्यात अर्थ नाही. मजकूर दिल्लीच्या शाह आलमच्या नावाचा फारसीत आणि आपल्या खुणा वेगळ्या: मल्हारनगरच्या, म्हणजे इंदूरच्या नाण्यावर सूर्याचं मुख, महेश्वरच्या नाण्यावर शिवलिंग आणि बेलाचं पान. अहिल्याबाईंच्या काळच्या रुपयावरचं ते बेलपान पूर्ण आणि स्पष्ट उमटलं असेल तर तेच त्याचं भाग्य. पुढे शिवाजीराव होळकरांच्या वेळची बसलेल्या नंदीची तांब्याची नाणी आणि १९३५ ची यशवंतरावांच्या मुखवट्याची पाव आणि अर्धा आणा ही यंत्रावरची. त्यांच्यावर छाप सरकली असेल तर मग बोलू.

जुन्या चांदीच्या नाण्यांवर छोटे छोटे ठोके, चांदण्या, फुलं दिसतात. त्या सराफांच्या खुणा. आत तांबं तर नाही ना, हे बघायला सराफ ठोका मारायचा. संग्राहक नाक मुरडतात, मला त्या आवडतात. हा रुपया कुणाकुणाच्या गादीवरून गेला ते त्यातून कळतं. पण माळेत ओवण्यासाठी कडी जोडून नंतर काढलेली असेल तर वरच्या कडेशी डाकाचा राखाडी डाग राहतो. ते नुकसानच, कितीही हळहळ वाटली तरी.

शंभर वर्षांहून जुनं नाणं कायद्यानं पुरावस्तू आहे, ते परदेशी पाठवता येत नाही. शेतात, पाया खणताना नाण्यांचा हंडा निघाला तर तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचा असतो. १८७८ चा कायदा आजही लागू आहे.

नेटवर पाच रुपयांच्या माता वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो रुपये देतो म्हणतात.

देणार कोणी नाही, आधी तुमच्याकडून ‘नोंदणी शुल्क’ घेणार. ते नाणं २०१२ चं स्मारक नाणं आहे, चुकीचं नाही. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरच केलं. आमच्याच गल्लीतल्या एका वहिनींनी ‘कर’ म्हणून दोनदा पैसे भरले होते. तिसऱ्यांदा भरायच्या आधी त्यांनी विचारलं, एवढंच नशीब.

स्वतः एरर करून बघितला तर?

करू नका. २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे नाणं वितळवणं, नष्ट करणं हा गुन्हा आहे आणि सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

चिंच लावून चमकवून आणू का?

अजिबात नाही. चिंच, लिंबू, राख, काहीच नाही. चमक गेली की साक्ष गेली. फार तर साध्या पाण्यात बुडवून मऊ कापडानं टिपा, पुसू नका.

दाखवायचं कुठे?

दिवसा सराफ्यात, जुनी नाणी घेणाऱ्या एखाद्या पेढीवर. एकाला दाखवून थांबू नका, दोघा-तिघांना विचारा, आणि "विकायचं आहे" असं आधीच म्हणू नका. रात्री जाऊ नका. रात्री तिथे दुकानं बंद, आणि ओट्यांवर गराडू आणि भुट्ट्याचा किस. एक हौशी तरुण खरंच रात्री दहाला नाणं घेऊन गेला होता, पोट भरून परत आला.

आणि ठेवायचं कशात?

मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात नको. वर्ष-दोन वर्षांत नाण्यावर हिरवट चिकट थर चढतो आणि मग ते नाणं माझ्याकडे "हिरवा एरर" म्हणून येतं. पुठ्ठ्याच्या चौकटीत किंवा कोरड्या कागदी पाकिटात ठेवा. पाकिटावर पेन्सिलीनं लिहा: कुठल्या दिवशी, कुठे मिळालं, वजन किती. माझ्याकडचं सगळ्यात आवडतं चाव्याचं नाणं छावणीतल्या भाजीवालीनं सुट्ट्यात दिलेलं, आणि तारीख लिहायची राहून गेली.